एका बादलीची आंघोळ

तायडे मॅडम माणसाचा कान उलटून बघत. शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलींची रांग लावायची आणि एकेकीच्या कानामागे बोट फिरवायचं, ही त्यांची पद्धत. अकोल्याच्या कॉलेजात मी मराठी शिकवायला लागले, त्याच हिवाळ्यात मला त्यांच्या मदतीला धाडलं गेलं, तेव्हा त्यांनी माझाही कान उलटला. मी जरा खट्टू झाले. "प्राध्यापक असली म्हून का कानामागं मळ नाई बसत?" एवढं म्हणून त्या पुढच्या मुलीकडे वळल्या.

त्या शारीरिक शिक्षणाच्या. उंच, काटक, आणि मूर्तिजापूरहून रोज गाडीनं येणाऱ्या. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. प्राचार्यांचं भाषण लांबलं की व्यासपीठाच्या पायऱ्यांवरच त्या त्यांना सांगत, "सर, पोरी झोपल्या होत्या." अशा बाईबरोबर जंगलात आठवडा काढायला दुसरं कोणी तयार नसे, म्हणून दर हिवाळ्यात ते काम माझ्याच गळ्यात पडू लागलं. पुढे मलाच त्याची ओढ लागली.

अकोटच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका पडीक शेतात आमचे तंबू असत. शेताखालून नाला वाहायचा. त्याच्या बाबतीत मॅडम फार कडक होत्या. साबण घेऊन पाण्यात कोणी पाय घालायचा नाही, कारण खालच्या गावातल्या बाया तेच पाणी पितात. सगळ्यांनी मिळून पाणी वाहून ड्रम भरायचा, चुलीवर तापवायचं आणि पळसाच्या फांद्यांना चादरी बांधून केलेल्या न्हाणीत आंघोळ करायची. तीही एका बादलीत. ते कसं जमतं हे मॅडम अंगावरच्या ट्रॅकसूटसकट करून दाखवायच्या. "आधी तोंड, मान, कानामागं. मंग काखा, मंग खाली. आर्धी बादली आंग धुवाले पुरते, बाकीची चैन हाय." पॅड टाकायचा खड्डा कुठे खणलाय, हेही त्या त्याच आवाजात सांगत. मुली माना खाली घालत, आणि मॅडमना वाटे की विषय संपला.

एका वर्षी वनरक्षकानं बजावलं होतं की ऊन वर आल्याशिवाय नाल्यावर जाऊ नका, अस्वल पाण्यावर येतंय. मॅडमनी संध्याकाळी सगळ्यांना बसवून ते सांगितलं.

सकाळी चहा झाला, न्हाणीपुढे रांग लागली, आणि रांगेत शीतल नव्हती. शीतल बार्शीटाकळीकडच्या एका खेड्यातली, घर सोडून पहिल्यांदाच बाहेर पडलेली. वडील पाठवायला तयार नव्हते. मॅडम स्वतः त्यांच्या घरी गेल्या होत्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, जशी नेते तशी आणून देते. तिच्या तंबूतली वैष्णवी आता रडवेली होऊन सांगत होती की उजाडता उजाडता पोट दुखतंय म्हणून ती उठली, मला वाटलं खड्ड्याकडे गेली असेल. तिची साबणाची डबी जागेवर होती. टॉवेल आणि कपडे मात्र नव्हते. मॅडमचा चेहरा त्या दिवशी मी पहिल्यांदा उतरलेला पाहिला.

त्यांनी स्टीलची बादली आणि गडवा उचलला, मुलींना वैष्णवीच्या हवाली केलं आणि मला घेऊन नाल्याकडे निघाल्या. गडव्यानं बादली वाजवत त्या पुढे चालत होत्या. "बोलत राय," त्या म्हणाल्या. "गप चालशीन तं त्याच्या आंगावर जाशीन." बोलायला मला काही सुचेना. मराठीची बाई मी, एक ओळ आठवली तर शपथ. शेवटी शिबिराची हजेरीच म्हणायला लागले. एकेक नाव मोठ्यानं घेत चालले होते. शीतलचं नाव आलं तेव्हा ते दोनदा घेतलं.

ओल्या रेतीत तिच्या चपलेचे ठसे होते. थोडं पुढे त्याच ठशांवर एक रुंद पंजा उमटलेला होता. मॅडमनी तो पाहिला, मीही पाहिला. त्यांनी बादली आणखी जोरात वाजवली.

वळणावर ती दिसली. पलीकडच्या काठावर अस्वल वारूळ उकरत होतं आणि अलीकडे एका दगडावर शीतल ओल्या कपड्यांत बसली होती, दोन्ही हातांनी तोंड दाबून. मी धावणार होते. मॅडमनी माझं मनगट धरलं, मग सोडलं आणि जागेवर उभ्या राहून बादली वाजवत राहिल्या, एका लयीत, घाई न करता. अस्वल मागच्या पायांवर उभं राहिलं. आमच्याकडे बघत राहिलं. मग ते फुरफुरलं आणि वळून बांबूत शिरलं.

मॅडमनी आपली शाल तिच्याभोवती गुंडाळली. मला वाटलं आता थोबाडीत बसणार. पण त्यांनी नुसतं विचारलं, "काहून आली एकटी?"

शीतलचे दात वाजत होते. "मॅडम, मले पाळी आली. घरी मी चार दिवस पान्याले हात नाई लावत. ड्रमात हात घातला असता तं सगळ्याइले विटाळ झाला असता." थोडं थांबून ती घाईनं म्हणाली, "पन साबन नाई लावला पान्यात."

मॅडम रेतीतच बसल्या. "खड्डा कुठं हाय ते म्या सांगतलं," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "ड्रमाचं सांगाचं मले सुचलं नाई."

परत आलो तोवर मुलींनी त्या पोटदुखीचा अर्थ लावला होता, कुजबुज सुरू झालीच होती. शीतलनं काल ड्रमाला हात लावला होता का, असं एकीनं मला हळूच विचारलंही. शीतल तंबूआड उभी, पुढे यायला तयार नाही. मॅडमनी तिला हाताला धरून ड्रमापाशी आणलं, तिच्या हातात गडवा दिला आणि आज सगळ्यांना पाणी हीच देईल असं सांगितलं. रांगेतली एकही बादली पुढे सरकली नाही. शीतलची मान खाली गेली. त्या क्षणी पोरगी घरी परत जायला निघाली असती, आणि पुन्हा कधी कॉलेजात दिसली नसती.

"मलेई कालपासून पाळी हाय," मॅडम म्हणाल्या. "ड्रमात हात म्या घातला, सकाळचा चहा म्या केला, तुमी सगळ्या पेल्या. जिले चालत नसन तिनं आधी चहा ओकून टाकावा, मंग बोलावं."

कोणीतरी फिसकन हसलं. मग वैष्णवीनं बादली पुढे केली, आणि तिच्यामागे रांग हलली.

मी मात्र थक्क होऊन बघत राहिले. कारण आदल्याच वर्षी अकोल्याच्या दवाखान्यात मॅडमची गर्भपिशवी काढली होती, आणि तिथे ओल्या कपड्यानं त्यांचं अंग मीच पुसून दिलं होतं. परतताना बसमध्ये मी म्हटलं, मॅडम, तुम्ही चक्क खोटं बोललात. त्या खिडकीबाहेर तुरीची शेतं बघत होत्या. "खोटं कुठं बोलली?" त्या म्हणाल्या. "फक्त तारीख मांगची होती."

गेल्या उन्हाळ्यात मॅडम गेल्या. हृदयविकाराचा झटका आला, कोणाला काही करायची संधीच मिळाली नाही. मूर्तिजापूरला त्यांच्या अंगणात आम्ही बाया त्यांना शेवटची आंघोळ घालायला जमलो. शीतल आता अकोल्यात नोकरी करते, मिळेल त्या गाडीनं आली होती. गडवा तिच्याच हातात आला. तेवढ्यात मॅडमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "कोनाले अडचण असन तं बाजूले व्हा."

मी शीतलकडे पाहिलं. ती गप्प राहिली असती तरी कोणाला कळलं नसतं.

"मले हाय," शीतल म्हणाली.

पण ती बाजूला झाली नाही. तिनं बादलीत गडवा बुडवला. आधी तोंड धुतलं, मग मान. मग हळूच मॅडमचा कान उलटला आणि मागून स्वच्छ पुसून घेतला.