मोहाखालची झाडलेली जमीन

अहेरीच्या वाचनालयाच्या दिवाळी अंकात मंजुषाबाई चिलमवारांची एकही कथा कधी आली नव्हती, आणि त्यांच्या लाल पेनाखालून गेल्याशिवाय एकही कथा छापली जात नव्हती. किराणा दुकानदाराची मुलगी, चंद्रपूरला वसतिगृहात राहून बी.ए. झालेली, नोकरीतून निवृत्त, बिनलग्नाची. अंक काढणारे हेमराजभाऊ कथांचा गठ्ठा त्यांच्या ओसरीवर आणून टाकत आणि पळ काढत, कारण पुढची बोलणी कोणालातरी खावी लागत.

काय काय नसे त्या गठ्ठ्यात! कोणाची नायिका 'गोऱ्या व्रणाची', म्हणजे बिचारीला जखमच झालेली. कोणाचे डॉक्टर रोग्याचं निदान करायचं सोडून 'निधन' करत. असल्या चुका बाई मुकाट्यानं सुधारत. डोकं फिरे ते वर्णनांनी. चाफेकळी नाक, हरिणीचे डोळे, काळजाचा चुकलेला ठोका, मनात उसळलेल्या सागराच्या लाटा. प्राणहितेपलीकडे मोठं पाणी न पाहिलेल्या माणसाच्या मनात लाटा आल्या कुठून?

आणि या पिकात सगळ्यात जोमदार पीक रीता निकुरेचं. रीता बाजाररस्त्यावर ब्लाऊज शिवायची. तिची नायिका पानापानाला बेशुद्ध पडे, तरी अंकाचं पहिलं पान दरवर्षी तिचंच. आठवडी बाजारात बाया मिरच्या निवडता निवडता विचारत, "रीता, त्या पोरीचं मंग काय झालं व?" मंजुषाबाई शेजारीच वांगी घेत असत. त्यांना कोणी काही विचारत नसे. घरी येईपर्यंत त्यांचा नुसता जळफळाट होई.

कारण बाईंच्या कपाटात त्यांची स्वतःची एक कथा होती. तरुणपणी वनखात्यातला एक माणूस त्यांच्या ओळखीचा झाला होता. बदली होऊन सिरोंच्याला गेला, येतो म्हणाला, आला नाही. कथा त्या वाट पाहण्याची होती. जंगलातल्या गावांत मोहाचं एकेक झाड एकेका घराचं ठरलेलं असतं. फुलं गळायच्या आधी त्या घरची बाई झाडाखालचा पालापाचोळा झाडून जमीन स्वच्छ करते. राखण बसवावी लागत नाही; दुसऱ्याच्या मोहाखालचं फूल कोणी उचलत नाही. बाईंनी लिहिलं होतं, 'मोहाखालची जमीन झाडून बसावं, तशी ती बसून होती.' या एका वाक्यावर यंदा पहिलं पान आपलं, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

नेमकी तेव्हाच रीता आपली नवी कथा घेऊन ओसरीवर आली. बाईंनी पहिल्याच पानावर काट मारली.

"काऊन काटून राह्यल्या जी, बाई?"

"चातकासारखी वाट पाहत होती म्हणे. तू चातक पाहिला आहेस?"

"नाई."

"मग? वाट पाहणारी बाई पाहिली नाहीस कधी? मोहाखालची जमीन झाडून बसावं, तशी ती बसून होती, असं लिहावं माणसानं!"

शब्द तोंडातून गेले तेव्हा बाईंना कळलं, आपण कपाटातलं वाक्य बोलून बसलो. रीताचे डोळे भरले होते. हरिणीचे नव्हते, साधे, शिवणकामानं लाल झालेले.

"बाई, हे मी घेऊ काय?"

नाही म्हणायचं तर कपाटातली कथा कबूल करायची. ब्लाऊज शिवणारीपुढं? बाईंची मान ताठ झाली. "घे की. माझ्याकडे काय वाक्यांना तोटा आहे?"

दिवाळीत अंक आला आणि अहेरीभर ते वाक्य ज्याच्या त्याच्या तोंडी झालं. हेमराजभाऊ खास सांगायला आले, "बाई, रीतानं काय लिवलं! तुमीबी असं काई लिवाले पायजे." बाईंनी त्यांना चहा दिला नाही. आपली कथा त्यांनी कपाटातून काढलीही नाही. आता ती कोणीही वाचली असती तर म्हणालं असतं, रीताचं चोरलं.

पुढच्या वर्षीचा गठ्ठा आला. पहिल्या कथेत शिपायाची बायको मोहाखालची जमीन झाडून बसली होती. दुसरीत कॉलेजातला पोरगा बसला होता. एकीत तर म्हैस. चातक गेला आणि मोह आला. बाई लाल पेनानं आपलंच वाक्य काटत सुटल्या. गठ्ठा संपला तेव्हा उठल्या, कपाट उघडलं आणि स्वतःच्या कथेतही त्याच वाक्यावर काट मारली. वर लिहिलं, 'ती बसून होती. तो आला नाही.' मग ती कथा हेमराजभाऊंच्या हातात कोंबली.

अंकात ती दुसऱ्या नंबरला होती. पहिलं पान रीताचंच.

बाजाराच्या दिवशी रीता मशीन सोडून धावत आली. "बाई, तुमची कथा वाचली. ते 'तो आला नाही' हाये ना, तिथी मले थांबावं लागलं. पुढचं दिसेच नाई." तिनं पदरानं नाक पुसलं. "बाई, हे... मी घेऊ काय?"

मंजुषाबाईंनी वांग्यांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नाही," त्या म्हणाल्या. "ते माझ्या झाडाखालचं आहे."