कणगीतली भूमिती

टाळेबंदीच्या काळात मी एकदा भाताच्या कणगीत उभा राहून नववीच्या वर्गाला त्रिकोण शिकवले आहेत.

आमचं गाव शहापूरपासून जवळच. बायको मीना तिथे नर्स, म्हणजे तिला सुट्टी नाही. अंगणवाडी बंद, माझी शाळा बंद, आणि अडीच वर्षांची चिमी मात्र सकाळी सहापासून चालू! मीनाने सरळ सांगितलं, "तुम्हाला जमणार नसेल तर चिमीला मुरबाडला आईकडे सोडते. परत कधी आणता येईल, सांगता येत नाही." चिमीशिवाय घर? "न जमायला काय झालं! एक दिवस बघ तरी," मी छाती फुगवून म्हणालो.

शेजारच्या सुमनमावशी अंगणवाडीत मदतनीस. त्या कुंपणावरून रोज म्हणत, "सर, पोरीला द्या की माज्याकडं." मी रोज नको म्हणायचो. नर्सचं घर म्हणून अर्धं गाव आमचं दार टाळून जायचं. मावशींना कशाला धोका, असं मी मोठ्याने सांगायचो. (खरं कारण: बापाने मदत कशी मागायची?)

तर, माझ्या परीक्षेचा दिवस उजाडला. दुपारी एकला ऑनलाइन वर्ग, आणि चिमी चुलीकडे, विहिरीकडे, म्हशीकडे, एकाच वेळी तिन्हीकडे! तेवढ्यात घराच्या कोपऱ्यातली वडिलांची कणगी दिसली. बांबूची, शेणाने सारवलेली, माझ्या छातीएवढी उंच, भात संपल्यामुळे रिकामी. तळाशी गोधडी घातली, चिमीने उलटवू नये म्हणून भोवती विटा रचल्या (काय ही दूरदृष्टी!) आणि पोरीला आत सोडलं. पोरगी खूश! रेंज त्याच कोपऱ्यात येते, म्हणून फोन कणगीच्या काठावर टेकवला.

"मुलांनो, समद्विभुज त्रिकोण..." एवढ्यात चिमीने आतून दणका दिला आणि फोन आत!

"सर, बाळाचं नाक दिसतंय!" अख्खा वर्ग ओरडला.

हात पुरेना. स्टूल आणलं, चढलो, कसाबसा आत उतरलो. फोन मिळवला. चिमीला उचलून बाहेर स्टुलावर उभं केलं. ती शहाण्यासारखी खाली उतरली आणि स्टूल ढकलत ढकलत निघून गेली.

आता मी आत. कणगीचं तोंड अरुंद, माझं पोट रुंद. पाय ठेवायला आधार नाही, आडवी पाडावी तर भोवती माझ्याच विटा! आणि दार सताड उघडं. बाहेर विहीर.

"चिमे! चिमे गो!" उत्तर नाही. सगळी लाज सोडून मी बोंबललो, "सुमनमावशी! चिमी बाहेर गेली! धावा!"

दारात मावशी उभ्या. तोंडाला पदर, कडेवर चिमी. पोरगी थेट त्यांच्या ओट्यावर गेली होती. माझे डोळे भरून आले.

"सर, तुमी कणगीत काय करता?"

"वर्ग घेतोय."

"मग घ्या. मी पोरीला पेज भरवते. सुटला की हाक मारा." आणि खरंच गेल्या!

वर्ग पुरा केला. (मुलं इतकी लक्ष देऊन कधीच बसली नव्हती.) हाक मारली, तर पलीकडून उत्तर आलं, "थांबा, पोर निजतेय!" आणखी अर्धा तास. अखेर मावशींनी विटा काढल्या, कणगी आडवी केली, आणि मी रांगत बाहेर आलो तेव्हा ड्युटीवरून आलेली मीना अंगणात उभी.

"चिमी कुठाय?"

"मावशींकडे झोपलीय," मी मान खाली घालून म्हणालो. "नाही जमलं मला. सोड तिला मुरबाडला."

"मुरबाडला कशाला?" मावशी कडाडल्या. "अंगणवाडी बंद हाय, मी कुठं बंद हाय?"

"मावशी, मी दिवसभर पेशंटमध्ये असते. तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की! म्हणून काय पोर सांभाळायची नाय?"

पुढची दोन वर्षं चिमी त्यांच्याच अंगणात वाढली. गाव आम्हाला टाळत होतं तेव्हा या बाईने दार उघडं ठेवलं. आजही त्यांचा आवाज आला की मनातल्या मनात हात जोडतो.

त्या दिवशी चिमीचे कपडे घेऊन निघताना मावशी उंबऱ्यात घुटमळल्या. एकदा माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात मीनाला विचारलं, "पोरीचं मी बघते गो. पण सरांजवळ कोण ऱ्हाणार?"