तिरडीला खांदा देणाऱ्यांसाठी

काल माझ्या भावाच्या तिरडीला खांदा द्यायला ज्यांनी ढकलाढकली केली, त्यांतल्या बहुतेकांनी जिवंतपणी त्याला ओट्यावर बसू दिलं नव्हतं.

सकाळपासून तुमचे स्टेटस बघतेय.
"गावाचा हिरा हरपला."
"दामूशेठ, तुमची उणीव भासत राहील."

दामूशेठ म्हणे.
जेलमधून सुटला तेव्हा त्याला काय म्हणत होतात, ते इथे लिहिलं तर पोस्ट फेसबुकच उडवेल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.
समुद्रात जाळ्यावरून भांडण झालं. दामूने रागाच्या भरात वल्हं मारलं, ते गावातल्याच सुरेशच्या डोक्यात बसलं. सुरेश गेला. दामूने कोर्टात एकदाही नाकारलं नाही. आठ वर्षं आत राहिला.

सुटला तो थेट माझ्या दारात, मुरुडला. हातात एक कापडी पिशवी.

"आक्का, दोन दिस राहू का?"

"पोरीचं लग्न ठरतंय रे दामू. त्या लोकांना कळलं तर मोडंल. तू नको थांबू."

त्याने पाणी मागितलं. मी दार अर्धंच उघडून तांब्या उंबऱ्याबाहेर ठेवला.

तेव्हा नालायकांची यादी करायची असेल तर पहिलं नाव माझं घाला. मग तुमची येतील.

त्याला जवळ केलं ते परक्यांनी. पनवेलला सुटलेल्या कैद्यांसाठी काम करणारी एक छोटी संस्था आहे. तिथल्या वंदनाताईंनी त्याला राहायला खोली दिली. आधार कार्ड, बँकेचं खातं, सगळं रांगेत उभं राहून करून दिलं. बोटीच्या इंजिनाचं काम शिकायला पाठवलं. आणि दर आठवड्याला समोर बसवून बोलतं केलं.

सुरेशचं नाव घेतलं की तो उठून बाहेर जायचा, हे मला वंदनाताईंकडून कळलं.
सख्ख्या बहिणीला, बाहेरच्या बाईकडून.

दीड वर्षाने तो गावी परतला. इंजिन दुरुस्तीसाठी कोणी गाळा देईना. वंदनाताई दारोदार फिरल्या. शेवटी आगरदांड्याच्या इब्राहिमचाचांनी रस्त्यालगतची आपली जागा दिली. पत्र्याची शेड उभी राहिली. हत्यारं संस्थेची, पहिलं इंजिन चाचांच्याच बोटीचं.

चाचांना लोकांनी समजावून पाहिलं. खुनी माणूस हाय, म्हणाले.
चाचा म्हणाले, "सजा भोगून आलाय ना? मग आता तुम्ही कोण जज?"

नंतर मासेमारीचा सीझन सुरू झाला आणि आमच्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमनच्या बोटीचं इंजिन बंद पडलं. दुसरा मेकॅनिक मोकळा नव्हता. चेअरमनने टेम्पोतून इंजिन पाठवलं, वर ताडपत्री टाकून. स्वतः आला नाही. ड्रायव्हरला बजावलं होतं, कोणाचं इंजिन हाय ते बोलू नको.

दामूने ते उत्तम करून दिलं.
मी चिडले. तोवर मी शेडवर डबा घेऊन जायला लागले होते, लाज गिळून.

"तुला राग न्हाय येत?"
"येतो की. पन वंदनाताई म्हनतात, राग आला की हातातलं काम संपवायचं आनि मंग बोलायचं. काम संपेपर्यंत बोलन्यासारखं काय र्‍हात न्हाय."

पुढे सगळ्यांचीच इंजिनं आली. लग्नाच्या पत्रिका मात्र आल्या नाहीत. नवी बोट पाण्यात लोटताना त्याला बोलवायचे, नारळ फोडताना मागे उभा करायचे.

परवा दुपारी इंजिन उतरवताना छातीत कळ आली. हॉस्पिटलपर्यंत पोचला नाही.

आणि काल स्मशानात चेअरमन वीस मिनिटं बोलला. "माणूस सुधारतो, हे दामूने दाखवलं. गावाने त्याला साथ दिली." मोबाइल वर धरून रेकॉर्डिंग चालू होतं. तुम्ही माना हलवत होतात.

एक जण आली नाही. सुरेशची बायको.
तिने दामूला कधी माफ केलं नाही, आणि केल्याचं नाटकही केलं नाही. तुमच्या सगळ्यांपेक्षा मला तिचा जास्त आदर वाटतो.

भाषण संपल्यावर चेअरमन माझ्याकडे आला. आवाज एकदम मऊ.

"ताई, शेड आता बंद करून टाका. तिथं तो संतोष असतो, तो पन जेलवाला ना? उद्या आनखी येतील. गावात बायापोरी हायत."

"दामू पण जेलवालाच होता."

"दामूची गोष्ट वेगळी होती."

संतोष पाच हात लांब उभा होता. पन्नाशीचा, पेणचा माणूस, वंदनाताईंनीच पाठवलेला. वर्षभर दामूच्या हाताखाली शिकतोय. सगळं ऐकत होता. मान खाली.

मी चेअरमनला म्हटलं, "तुमचं इंजिन शेडमध्ये उघडून पडलंय. ते संतोष जोडणार आहे. नको असेल तर सुटं घेऊन जा."

तो गाडीकडे वळला. सीझनमध्ये सुटं इंजिन कोण नेईल?

आज सकाळी मी आणि इब्राहिमचाचा शेडवर जाऊन बसलो. संतोष आला, हात जोडले आणि कामाला लागला. वंदनाताईंचा फोन आला होता. पुढच्या महिन्यात आणखी एक जण सुटतोय. म्हटलं, पाठवा.

ज्यांना अडचण असेल त्यांनी शेडवर यावं. मी रोज तिथे असणार आहे.

दामू, मी दार अर्धंच उघडलं होतं. ते मी विसरणार नाही, कोणाला विसरूही देणार नाही.
आता दार सताड उघडं आहे. ये, भावा.