मागच्या सीटवरचा रस्ता

ट्रकच्या चाकांवरचे, खड्ड्यांचे धक्के झेलणारे पोलादी पाटे बसवण्यात ज्याचे अवघे आयुष्य गेले, त्याला वस्तीत सगळे ‘पाटेवाले’ म्हणत. त्याच्या कामाचा एक नियम होता: रिकाम्या गाडीच्या चालीवर विश्वास ठेवायचा नाही. पाटे बदलले की तो ट्रक मालाने भरायला लावी, खड्ड्याखड्ड्यांतून फिरवी आणि मगच मालकाच्या हाती किल्ली देई. ओझ्याखाली जे वाकत नाही ते चांगले, ही त्याची गाड्यांविषयीचीच नव्हे, माणसांविषयीचीही समजूत होती.

बायकोच्या मणक्यात रोग उतरला तेव्हा तिला उपचारांसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावे लागे. घरची सेडान जुनी, तिचे शॉकअप निकामी झालेले. प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू खाली आपटे. “ट्रकवाल्याचा संसार केला, हाडं खिळखिळी व्हायचीच,” असे बायको हसत म्हणे. ते त्याला लागले. त्याने शॉकअप नवे घातले, मागच्या चाकांवरच्या मूळच्या स्प्रिंगा काढून जाड, भक्कम स्प्रिंगा बसवल्या आणि आपल्या रिवाजाप्रमाणे डिकीत नि मागच्या सीटवर वाळूची पोती भरून गाडी फिरवली. ती कुठेही आपटली नाही. पोती उतरवून तो घरी आला नि म्हणाला, आता पोटातले पाणीसुद्धा हलणार नाही.

त्यानंतर बायकोने तोंडातून ब्रही काढला नाही. कशी वाटते गाडी, असे तो आरशात पाहून विचारी. लोण्यासारखी, असे उत्तर येई. मागे आईच्या शेजारी बसलेली लेक तेवढी खिडकीबाहेर पाही. काही फेऱ्यांनंतर बायको एकाएकी म्हणाली, आता उपचार पुरे. डॉक्टर तर सांगत होते की खंड पडू दिला नाही तर रोग आटोक्यात राहील. त्याने समजावले, मग तो चिडला. हातपाय गाळून बसायला काय झाले, असेही बोलून गेला. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. असे कित्येक आठवडे गेले.

शेवटी लेकीने त्याला बाहेर बोलावले. “बाबा, किल्ली द्या. आज तुम्ही मागे बसा.”

घेतल्यापासून ही गाडी त्यानेच चालवलेली. त्या सीटवर तो प्रथमच बसत होता. ओझे नसलेल्या गाडीखाली त्या भक्कम स्प्रिंगा दबतच नव्हत्या. रस्त्याचा प्रत्येक सांधा सरळ पाठीच्या कण्यात चढत होता. गतिरोधकावर त्याच्या तोंडून नकळत आवाज निघाला.

“आई इथे बसून माझा हात धरायची, वळ उठेपर्यंत,” लेक म्हणाली. “तुम्हाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली होती. म्हणाली, एवढ्या हौसेनं केलंय त्यांनी.”

रोगाने वाळत चाललेल्या बाईचे वजन त्याने कधी हिशेबात धरलेच नव्हते. दुसऱ्याची हौस मोडू नये म्हणून सोसत राहणे, हा आपल्या घरांत बायकांचा सद्गुण मानला जातो. आणि सद्गुण म्हटले की चौकशी करण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. त्यालाही ‘लोण्यासारखी’ हे उत्तर पुरले होते, कारण ती त्याच्या हातांची स्तुती होती.

त्याने मऊ स्प्रिंगा बसवल्या. या वेळी पोती भरली नाहीत. लेकीला गाडी चालवायला लावून तो स्वतः मागे आडवा झाला. मग बायकोला एवढेच म्हणाला, “चुकलं माझं. एकदा बसून बघ.”

ती बसली. अर्ध्या वाटेत शेजारी बसलेल्या लेकीच्या खांद्यावर तिला झोप लागली. त्या दिवशी डॉक्टरांनी तपासले आणि सांगितले की मधल्या खंडात रोग पसरला आहे. यापुढे तिला इथवर आणण्याचे कष्ट घेऊ नका.

परतताना घराचे वळण आले तशी ती जागी झाली.

“अहो, एवढ्यात आलं? अजून थोडं फिरवा ना. आज दुखत नाहीये.”

त्याने गाडी सरळ पुढे घेतली. ज्या रस्त्यांवर त्यांचे कोणाकडे काही काम नव्हते, त्यांवरून अंधार पडू लागेपर्यंत तो गाडी हळूहळू नेत राहिला. पुढे कुठे वळायचे, हे त्याला कोणी विचारले नाही.