खळ्यावरची गंजकी गाडी

ती गाडी घेतली तेव्हा अख्ख्या महाडात मला कुणी शहाणं म्हटलं नाही. मीही महाडात कुणाला शहाणं समजत नाही, त्यामुळे वाईट वाटायचा प्रश्नच आला नाही. पंचवीस वर्षं या गावात मी ब्लाऊज शिवते. कुणाची किती अक्कल ते मला मापं घेतानाच कळतं.

गाडी मला फिरायला नको होती. माझा बाप दरडीखाली झोपत होता, त्याला तिथून उठवायचं होतं. माझं माहेर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत. घरामागे चढ आहे आणि त्या चढाला दोन पावसाळ्यांमागे भेग पडली. साहेब लोक येऊन बघून गेले, वाडीच्या तोंडाशी धोक्याचा फलक लावून गेले. आता जोराचा पाऊस लागला की वाडीतल्या सगळ्यांना खालच्या शाळेत नेऊन ठेवतात. सगळे जातात. माझा बाप जात नाही. दोन म्हशी, पाच-सहा शेरडं आणि तो, सगळ्यांचा मुक्काम भेगेखाली.

"माझ्याकडे या" असं मी किती वेळा म्हटलं असेल. महाडात दोन खोल्या आहेत, पंखा आहे, नळाला पाणी आहे. तर म्हणे, "लेकीच्या दारात म्हातारपण काढायला मी काय निपुत्रिक हाय?" मुलगा नाहीच त्याला. मी एकटी. पण हे त्याला सांगायची सोय नाही. त्याच्या बापाने लेकीच्या घरचं पाणी प्यायलं नाही, म्हणून हाही पिणार नाही. माझ्याकडे आलाच तर उंबऱ्याजवळ बसतो आणि चहाच्या बदल्यात परसातली चार वांगी ठेवून जातो. असल्या मानाचं मला मनापासून हसू येतं. डोंगर अंगावर आला तर तो मान घेऊन कुठे जाणार होता, देव जाणे.

आणि भावबंद. ते सगळे मुंबईला. शिमग्याला दोन दिवस येतात, पालखी नाचवतात, बोकड खातात, "गावची हवा म्हणजे हवा" म्हणतात आणि जाताना तांदूळ नेतात. मी चुलतभावाला फोन केला, म्हटलं, तू सांग त्यांना, तू पुरुषमाणूस, तुझं ऐकतील. तो म्हणाला, "ताई, टेन्शन नको घेऊ. काका स्ट्राँग आहेत." मग भावकीच्या ग्रुपवर त्याने हात जोडल्याचं चित्र टाकलं. त्याखाली आणखी अकरा जणांनी हात जोडले. झाली मदत.

गाडी मला पाचाडला दिसली. एका गिऱ्हाइणीच्या मुलीच्या साखरपुड्याला गेले होते, जेवण एका खानावळीत होतं, हात धुवायला मागच्या अंगाला गेले तर चिंचेखाली ती उभी. मुंबईच्या कुणा हौशी माणसाने फार वर्षांमागे राहण्यासाठी बनवून घेतलेली व्हॅन. आत पलंगाची फळी, छोटा ओटा, बेसिन, वर उघडणारं छप्पर. हौस फिटली तशी गडाच्या पायथ्याशी टाकून गेला. पैसेवाल्यांच्या हौशीचं हे असंच असतं, फिटली की दुसऱ्याच्या परसात सडते. खानावळवाल्याने तिच्यात जळाऊ लाकडं भरली होती आणि एक कोंबडी बेसिनमध्ये अंड्यांवर बसली होती.

मी तिथे ओल्या हाताने उभी राहिले आणि माझ्या डोक्यात लख्ख आलं. आमच्या वाडीखाली रस्त्याला लागून आमचं खळं आहे, भात झोडायची जागा. सपाट, खाली कातळ, वर डोंगर नाही. तिथे ही गाडी उभी केली तर बाप स्वतःच्या जमिनीवर राहील, म्हशी शेजारी बांधील, आणि ते काही लेकीचं घर होणार नाही. खानावळवाल्याला विचारलं तर तो माझ्याकडे बघतच राहिला. कोंबडी उठेपर्यंत थांबा म्हणाला, एवढीच त्याची अट.

नवऱ्याने या सगळ्यात एकच काम केलं. तो "नको" म्हणाला. गाडी टोचन लावून महाडला आली, गल्लीत उभी राहिली, शेजारीपाजारी बघायला जमले, तेव्हा तो सदरा घालून देवळात निघून गेला. सायकलीशिवाय ज्याने आयुष्यात काही चालवलं नाही, तो मला रात्रंदिवस इंजिनाचं सांगत होता. मी म्हटलं, "अहो, तुम्ही त्या सायकलची चेन आधी बसवा."

आणि गंज. गंज म्हणजे काय हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. खिडकीच्या गजावर येतो तो गंज, घासला की जातो, एवढीच माझी समजूत. या गाडीचा पत्रा वरून बरा दिसे आणि बोट टेकलं की आत जाई. चाकांच्या वरच्या कमानी, दाराचा खालचा काठ, पायाखालची सगळी जमीन गेली होती. पत्र्याचं काम करणाऱ्याकडे नेली तर त्या महाभागाने पुट्टीचा डबाच उघडला. भोकांत पुट्टी दाबायची, वर रंग मारायचा, दिवाळीपर्यंत काय बघायला नको, असं म्हणाला. मी म्हटलं, दिवाळीपुरती गाडी कुणाला पाहिजे, पुढच्या वर्षी पाऊस पडत नाही का तुमच्याकडे? मग त्याला समोर बसवून सडका पत्रा कापायला लावला. निम्मी गाडी कापून जमिनीवर पडली. त्याला वाटलं मी घाबरेन. मी स्टूल घेऊन बसले.

नवा पत्रा त्याने जोडला. पण घासायचं काम माझ्यावरच आलं, कारण त्याचा कारागीर दर सोमवारी आजारी पडायचा. दुपारी दुकान बंद करून, तोंडाला ओढणी बांधून मी तारेच्या ब्रशने घासायची. केसांत गंज, नाकात गंज, जेवताना भाताला गंजाची चव. घासून लाल रंगाचा हात द्यायचा, जो आपण ग्रीलला देतो तोच. एक आठवडा थांबलं की घासलेल्या जागी परत तपकिरी ठिपके. महाडची हवाच तशी आहे, लोखंड आणि माणूस दोघांनाही सुखाने राहू देत नाही. त्या दिवसांत माझ्याकडे आलेल्या ब्लाऊजांवर लाल डाग पडले आणि दोन गिऱ्हाइणी कायमच्या गेल्या. त्यांचे गळे तसेही फार खोल असायचे, शिवताना मलाच लाज वाटायची.

चुलतभाऊ मध्येच एकदा आला. आल्या आल्या गाडीसमोर उभा राहून मोबाइलवर बोलू लागला, "गाईज, बघा आमचा गावचा प्रोजेक्ट." आमचा. मी ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने दोनदा घासलं, तेही व्हिडिओत यावं म्हणून, मग त्याला कुठे तरी जायचं होतं. त्याच्या चुलत्यासाठी ही गाडी होतेय हे त्याच्या बोलण्यात एकदाही आलं नाही.

आतलं सगळं मी शिवलं. गादीला जाड कापडाची खोळ, खिडक्यांना पडदे, छप्पर उचललं की बाजूने पाणी येऊ नये म्हणून रबरी पट्टीखाली मेणकापडाची झालर. बेसिन काढून टाकलं, बापाने त्यात कधी हात धुतले नसते, तिथे घागर ठेवायला जागा केली. दाराखाली एक पायरी जोडली, कारण त्याचा डावा गुडघा वाकत नाही. मेकॅनिककडून इंजिन चालू करून घेतलं, मी गाडी चालवायला शिकले, आणि मग कागदपत्रं, पासिंग. माझ्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी आलं. दुकान भाड्याचं, खोल्या नवऱ्याच्या, माहेरची जमीन बापाची. गाडीच्या कार्डावर माझं नाव छापून आलं तेव्हा मी ते ब्लाऊजच्या पिशवीत घालून दिवसभर जवळ बाळगलं. फार आनंद झाला मला, खोटं कशाला बोलू.

पावसाला अजून अवकाश होता तेव्हा मीच ती चालवत खळ्यावर नेली. पोलादपूरच्या चढाला मागे गाड्यांची रांग लागली आणि सगळे भोंगे वाजवत होते. वाजवू देत. बाप वरून उतरून आला. गाडीभोवती फिरला, चाकांवर काठी मारून बघितली, पायरीवर बसून पाहिलं, आत जाऊन गादी दाबली. म्हैस कुठे बांधायची ती जागासुद्धा त्याने नजरेने ठरवली, मी बघत होते. माझा जीव भांड्यात पडतोय तेवढ्यात त्याने विचारलं, "नावावर कुणाच्या हाय गो?"

मी छाती काढून सांगितलं, माझ्या.

तो पायरीवरून उठला. "म्हंजे लेकीचंच घर. चाकं लावली म्हणून काय झालं?" आणि चालू पडला. वर, भेगेखाली.

त्या दिवशी मी खळ्यावर एकटी उभी राहून जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बापाला बोलले, त्याच्या बापाला बोलले, ज्याने पहिल्यांदा लेकीच्या घरचं पाणी नाकारलं त्या कुणा पूर्वजाला बोलले. सात-बाऱ्यावर नाव कुणाचं, भांड्यावर नाव कुणाचं, यापलीकडे या खोऱ्यातल्या माणसांची नजर जात नाही. पोरगी मरमर मरते ते दिसत नाही, नाव दिसतं. मग गाडीला कुलूप घातलं आणि एसटीने महाडला परत आले.

दोन दिवस मी नुसती शिलाई मशीन चालवत राहिले. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं, तशी मी उठले आणि एजंटाकडे गेले. म्हटलं, गाडी वडिलांच्या नावावर करायची. तो चष्म्यावरून बघून म्हणाला, "बाई, उलटं सांगताय. बापाच्या नावावरून पोरांच्या नावावर करतात." मी म्हटलं, तुम्ही सह्या कुठे करायच्या तेवढं दाखवा. नवऱ्याला कळलं तेव्हा तो म्हणाला, मी सांगत होतो. काय सांगत होता ते त्यालाही आठवत नसेल. सह्या करताना मला रडू आलं आणि रडू आल्याचा राग आला.

ग्रुपवर बातमी पोचायला वेळ लागला नाही. चुलतभावाचा फोन आला, आवाजात साखर. "ताई, छान केलंस. काकांच्या नावावर म्हणजे घरातच राहिली ना गाडी. पुढे-मागे आपल्यालाच बघायचीय." पुढे-मागे. माझा बाप अजून वर भेगेखाली होता आणि याने गाडीची वाटणी करून टाकली होती. त्याला मी काय म्हटलं ते त्याने ग्रुपवर सांगितलं नाही, यातच सगळं आलं.

नवं कार्ड आलं ते मी बापाच्या हातात दिलं. त्याला वाचता येत नाही. त्याने शाळेतल्या बाईंकडून वाचून घेतलं, दोनदा. त्याच संध्याकाळी म्हशी खाली उतरल्या.

आषाढात एका दुपारी मी खळ्यावर गेले. पाऊस असा की समोरची शाळा दिसत नव्हती, आणि ती माणसांनी भरलेली होती. दार वाजवलं. बापाने उघडलं आणि म्हणाला, "पाय पूस गो, चिखल नको आणू." ती जमीन मी ठोकून घेतलेली, ते पायपुसणं मी शिवलेलं. मी मुकाट्याने पाय पुसले. त्याने मला गादीवर बसवलं, स्वतः पायरीवर बसला, स्टोव्हवर चहा ठेवला. कपाला कान नव्हता. चहात साखर एवढी की चमचा उभा राहील. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातचा चहा प्यायले, आई होती तोवर त्याने चूल पेटवलेली मला आठवत नाही.

निघायला उठले तर म्हणाला, थांब. फळीखालून तांदळाची पिशवी काढली. "ओढणी पुढं कर. मला नीट येत नाय, तुझी आईस भरायची." त्याच्या खरबरीत हातातून तांदूळ अर्धे ओढणीत पडले, अर्धे जमिनीवर. मग बाहेर बघत म्हणाला, "आज राह्य की. भेग पडल्यापासनं वरच्या घरात तुला राह्य म्हणायची माझी छाती नव्हती."

म्हणजे त्याला माहीत होतं. दोन वर्षं मी गेले की चार वाजताच "जा, यष्टी चुकंल" म्हणून हाकलायचा, आणि मी समजत होते की आई गेल्यावर त्याला माझं येणंही नको झालंय. स्वतः खुशाल झोपत होता तिथे. लेकीला मात्र एक रात्र झोपू देत नव्हता.

मी खाली बसले. सांडलेले तांदूळ वेचले. मग नवऱ्याला फोन लावला आणि सांगितलं, आज येत नाही, मी माहेरी आहे.