बाभळीचा निखारा

आमच्या घरातला चिमटा वर्षातून एकदा चर्चला जायचा. एरवी तो चुलीपाशी असायचा. भाकरी शेकायचा आणि कधीमधी आमची पाठही.

माझे वडील ख्रिस्ती कीर्तनकार. राहात्याजवळच्या आमच्या खेड्यात सुगीच्या उपासनेला लोक बाजरीची कणसं, भोपळे, एखादी गावरान कोंबडी असं काय काय देवाला वाहायला आणत आणि संध्याकाळी बाबांचं कीर्तन उभं राही. फेटा, चिपळ्या, मागे पेटी आणि ढोलकी. आख्यान मात्र जुन्या करारातल्या संदेष्ट्यांचं. त्यातलं एक बाबांचं फार लाडकं होतं. मंदिरात गेलेल्या एका संदेष्ट्याला देव उंच सिंहासनावर बसलेला दिसतो. सहा पंखांचे दूत त्याच्या पावित्र्याचा घोष करतात, उंबरे हादरतात, सगळीकडे धूर होतो. तो बिचारा म्हणतो, आता माझं काही खरं नाही, माझे ओठ अशुद्ध आहेत. मग एक दूत वेदीवरचा निखारा चिमट्याने उचलतो आणि त्याच्या ओठांना लावतो.

दुसऱ्या कुणी हे नुसतं सांगितलं असतं. बाबांना खरा निखारा लागायचा. आई दुपारीच बाभळीचं लाकूड पेटवून ठेवी, कारण बाभळीचा निखारा टिकतो. मग शेगडीत राखेखाली झाकून तो चर्चच्या मागच्या दाराशी ठेवायचा. दूत मी. आईच्या जुन्या साडीचे सहा पंख मला बांधलेले असत. दोन पंखांनी तोंड झाकायचं, दोन पंखांनी पाय झाकायचे आणि उरलेल्या दोन पंखांनी उडायचं. मला हात दोनच आहेत, हे मी बाबांना दरवर्षी सांगत असे. ते म्हणत, आळीपाळीने कर, देव समजून घेईल.

मी चिमट्यात निखारा धरून आणला की बाबा तो माझ्याकडून घेत, राख फुंकत आणि लालभडक झालेला निखारा उंच धरून विचारत, इथे कोणाचे ओठ शुद्ध आहेत? पुढे बसलेली पोरं भोकाड पसरत. मोठी माणसं माना खाली घालत. शेजारच्या वस्तीवरचे एक शेतकरी काका तर खास त्यासाठीच येत. त्यांचा आमच्या धर्माशी काही संबंध नव्हता, पण दारातूनच विचारत, "औंदा इस्तव हाय ना?"

निखारा काळा पडायच्या आत बाबा प्रार्थना सुरू करत. विझलेला कोळसा हातात धरून देवाच्या न्यायाचं बोलता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे आमच्या गावात ते आख्यान कायम निखाऱ्यापाशीच संपलं. कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. आम्ही घाबरून, समाधानाने घरी जायचो.

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायूचा झटका आला. अहिल्यानगरच्या दवाखान्यातून घरी आले तेव्हा पाय चालत होता, हातही बराच सुधारला होता. तोंड मात्र एका बाजूला ओढलेलं राहिलं. शब्द लडबडत, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळे. त्यांनी चर्चला जाणं बंद केलं. डॉक्टरांनी तोंडाचे व्यायाम दिले होते, फुगे फुगवायला सांगितले होते. दर शनिवारी मी नगरहून यायची, तेव्हा फुगे पाकिटातच पडलेले असायचे. माझा स्वभाव तापट. मी त्यांच्याशी भांडले, आणि खरं सांगायचं तर देवाशीही भांडले. ज्याने जन्मभर तुझंच सांगितलं, त्याचंच तोंड तुला सापडलं का?

सुगीची उपासना जवळ आली. चर्चचे पाळक घरी येऊन बसले आणि कीर्तनाचं विचारू लागले, तर बाबा भिंतीकडे तोंड करून झोपले. ते पुन्हा उभे राहिले नाहीत तर आतून संपतील, हे आम्हाला दिसत होतं.

एका सकाळी आई चुलीवर भाकरी करत होती. घरात गॅस आहे, पण बाबांना चुलीवरचीच लागते. बाबा तिच्यासमोर पाटावर बसले होते, मी कांदा चिरत होते. आईने भाकरी शेकायला निखारे पुढे ओढले. बाबा त्यांच्याकडे बघत राहिले आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "त्यानं मला निखारा लावला. पर माजं त्वांड शुद्ध न्हाई झालं. वाकडं झालं."

तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. एवढे महिने हा माणूस स्वतःला शिक्षा झालेली समजत होता. लोकांच्या तोंडासमोर इतकी वर्षं विस्तव नाचवला, म्हणून देवाने आपला न्याय केला, असं मनाशी धरून गप्प बसला होता. माझा सगळा राग एका क्षणात ओसरला आणि त्यांना कुशीत घ्यावंसं वाटलं.

आईने भाकरी उलटली. "निखारा लागल्यावर त्या मानसाचं पुढं काय झालं?"

बाबांनी मान खाली घातली.

"इतकी वर्सं लाकडं मी पेटवली," ती म्हणाली. "पुढचं तुमी कदी सांगितलंच न्हाई."

मला पुढचं ठाऊक होतं. मी तोंड उघडलं तर आईने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा कांद्याकडे वळले. बाबांनी अडखळत सांगायला सुरुवात केली. तो निखारा शिक्षा नव्हताच. त्याने त्या माणसाचा दोष गेला. मग देवाने विचारलं, माझ्यासाठी कोण जाईल? टोपलंभर भाकरी झाल्या तरी बाबांचं सांगणं चाललं होतं. आई हात धुऊन म्हणाली, हेच सांगा की रविवारी.

त्या रविवारी चिमटा घरीच राहिला. आईने बाबांना फेटा बांधून दिला. दारात शेतकरी काकांनी आमच्या हातात शेगडी नाही हे पाहिलं आणि हिरमुसले, पण बसले. बाबांनी निखारा लागला तिथूनच सुरुवात केली. थोडं बोलले आणि लाळ हनुवटीवर उतरली. ते थांबले. चिपळ्यांचा हात खाली आला. पेटी थांबली.

आई बायकांमधून उठली. सगळ्यांच्या देखत पुढे गेली, पदराच्या टोकाने तिने त्यांचे ओठ पुसले आणि तिथेच उभी राहिली.

"बोला," ती म्हणाली.

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग आमच्याकडे.

"मग देवानं इचारलं, कोन जाईल," ते म्हणाले. "आन् तो त्याच तोंडानं म्हनला, मी जातो."