सोबतीचा रकाना

कोर्टात सदतीस वर्षं कारकुनी केली की माणसाला एक खोड लागते. समोरचा बोलायला लागला की हा खोटं का बोलत असेल, हा विचार आधी सुरू होतो. भाजीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी, डॉक्टर, माझ्या लेखी सगळे साक्षीदार, आणि साक्षीदार म्हटला की पढवलेला. बायको म्हणायची, "तुमका सगळ्यांत लबाडीच दिसता." आम्ही दोघं मालवणकडचे. माझी मालवणी मुंबईत झिजून गेली, तिची मात्र चिडली की पहिल्यासारखी बाहेर यायची.

दिंडोशीला आमच्या वसाहतीचा चढ जिथे सुरू होतो तिथे एक मेडिकल आहे. एक बाई चालवते. पन्नाशीची, चष्मा दोरीला बांधलेला, बोलणं तुटक. तिचे वडील वाशीमकडून मुंबईत आले आणि गोदीत हमाली करून त्यांनी तिला औषधशास्त्र शिकवलं, हे मला बायकोकडून कळलं. बायकोला सगळ्यांचं सगळं ठाऊक असायचं. काउंटरमागे एक छोटी बुद्धमूर्ती आणि तिच्या शेजारी लशींचा फ्रिज. त्या फ्रिजमध्ये ती स्वतःची पाण्याची बाटलीसुद्धा ठेवत नाही. दिवसातून दोनदा आतलं तापमान बघून दारावरच्या कागदावर लिहिते. वसाहतीतली निम्मी माणसं डॉक्टरकडे जाण्याआधी तिला विचारतात, आणि चिठ्ठीशिवाय ती अँटिबायोटिक देत नाही म्हणून तिला शिव्याही घालतात. शिव्या घालून पुन्हा तिच्याकडेच येतात.

बायकोला दमा होता. तिचा पंप घ्यायला आम्ही दर महिन्याला दोघं जायचो. अशाच एका खेपेला ती बाई मला म्हणाली, "काका, काकूंना न्यूमोनियाची लस देऊन टाका. साठी उलटलीय, त्यात दमा. शनिवारी संध्याकाळी डॉक्टरीणबाई येतात, इथेच मागच्या खोलीत देतात."

दुकानात चार-पाच गिऱ्हाइकं होती. समोर माणसं असली की माझ्यातला वकील जागा व्हायचा, जो मी कधी झालो नाही. मी मोठ्याने म्हणालो, "तारीख उलटायच्या आत फ्रिजमधला माल खपवायचा असेल तुम्हाला."

कोणीतरी हसलं. बाईचा आवाज चढला नाही. "नको असेल तर नको काका. पण विचार करा," म्हणाली आणि पंप पिशवीत घातला. बायको वजनकाट्याकडे बघत उभी होती. घरी येईपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, दम लागला असेल. चढ होता.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी आमच्या घरात रविवारी खिचडी झाली. मालवणी घरात रविवारी मुगाची खिचडी म्हणजे सुतक पडल्यासारखंच. सकाळी मी चांगले बांगडे आणले होते. नारळ खवायला आमच्याकडे अजून आडाळो आहे, पाटावर बसवलेली विळी, पुढे दातेरी गोल चकती. त्यावर बसून ती दोन हातांनी वाटी फिरवायची आणि बघता बघता खोबऱ्याचा ढीग पडायचा. त्या दिवशी ती नारळ घेऊन माझ्यापुढे आली. "आज जरा खोबरा खवून देशात?"

मी पेपरमधून मान वर केली. "बांगडे मी आणायचे, खोबरंही मीच खवायचं. मग तू काय करणार?"

मला ते फार चटपटीत वाटलं होतं. ती नारळ घेऊन आत गेली. बांगडे फ्रीजरमध्ये गेले आणि दुपारी ताटात खिचडी आली, सोबत पापडसुद्धा नाही. मी लगेच निकाल लावून मोकळा झालो. मेडिकलमधल्या बोलण्याचा हा सूड. बाईमाणसाचा राग दोन आठवडे मुरतो आणि मग ताटात पडतो, असं काहीसं मी मनात म्हटलं. अबोला धरून जेवलो.

त्याच थंडीत ती गेली. आधी खोकला, मग ताप, मग हॉस्पिटल. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं आणि न्यूमोनिया हा शब्द उच्चारला. पुढचं मला ऐकू आलं नाही. माझ्यापुढे तो छोटा फ्रिज उभा राहिला आणि माझंच वाक्य, चार-पाच गिऱ्हाइकांसकट.

आम्हाला मूलबाळ नाही. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेलं होतं, मग ज्याचा तो आपल्या घरी गेला. जाताना सगळे म्हणाले, नशिबात होतं. मी मान हलवली. नशिबात नव्हतं, ते माझ्या तोंडात होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. सांगायला घरात एकच माणूस होतं, तेच गेलं होतं.

त्या मेडिकलवरून जायचं मी सोडलं. प्रेशरच्या गोळ्या आणायला मागच्या गल्लीतून वळसा घालून हायवेपलीकडे जायचो. तिथला दुकानदार मोबाइलवरून नजर न उचलता स्ट्रिप पुढे सरकवायचा. मला तेच बरं वाटायचं. ज्याला आपल्याबद्दल काहीही माहीत नाही अशा माणसाकडून औषध घेणं सोपं असतं.

दोन वर्षं अशी गेली. एकटेपणाची सवय होते म्हणतात, मला झाली नाही. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो, विजेचं बिल मोबाइलवर भरतात, बोलायचं कारणच उरत नाही. एकदा गेटवर वॉचमनने काहीतरी विचारलं तर उत्तर देताना आवाज फुटेना. हिशेब केला तेव्हा लक्षात आलं, गेल्या चार दिवसांत मी तोंड उघडलं नव्हतं. बायकोचा शेवटचा पंप खिडकीत होता तसाच होता. मी तो अधूनमधून कानाशी नेऊन हलवायचो. आत अजून औषध होतं.

यंदा गणपतींनंतर मला ताप आला. हायवेपलीकडच्या दुकानातून खोकल्याचं औषध आणून चार दिवस प्यायलो. पाचव्या दिवशी खाली उतरलो आणि समजलं की हायवेपर्यंत काही आपल्याच्याने चालवणार नाही. जवळ एकच मेडिकल होतं. कठड्याला धरून त्याच्या पायरीशी उभा राहिलो.

बाईने मला पाहिलं. नमस्कार वगैरे काही नाही. "बसा," म्हणाली आणि वजनकाट्याजवळचं स्टूल पुढे ओढलं. माझ्या दंडाला पट्टा गुंडाळला, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला. दोन वर्षांत दुसऱ्या माणसाचा हात मला लागला तो तेव्हा. डोळ्यांत पाणी आलं, ते मी तापावर ढकललं.

"दोन वर्षं कुठे होतात काका?"

"इथेच."

"हं," ती म्हणाली. "आज सिरप-बिरप काही देत नाही. आधी डॉक्टरला छाती दाखवा. रिक्षा बोलावते." दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. माझा नंबर तिच्या जुन्या वहीत होता. गोळ्या जेवणानंतर घेता ना, पाणी गरम पिता ना, ताप किती? फोन ठेवल्यावर मी उगाचच घरभर फिरलो.

बरा होऊन महिना झाल्यावर तिने लशीचा विषय काढला, जरा जपून. मी म्हणालो, "घेतो." तिने चष्म्यावरून पाहिलं. "काय काका, उलटतपासणी नाही?"

मला तिच्यासमोर शिक्षा हवी होती, आणि लस ही त्यातली सर्वांत सोपी. शनिवारी संध्याकाळी मागच्या खोलीत डॉक्टरीणबाईंनी डाव्या दंडात सुई टोचली. मुंगी चावल्याएवढंही झालं नाही. मग अर्धा तास बसून राहायचं, काही त्रास होतो का बघायला. त्याच स्टूलावर बसलो. बाईने मोठी वही उघडली आणि माझं नाव, वय, लशीचा बॅच नंबर, कोणता हात, हे सगळं भरत गेली. शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं.

"सोबत कोण?"

"कोणी नाही."

तिने 'एकटे' असं लिहिलं. दुकानात तेव्हा गिऱ्हाईक नव्हतं, आणि मी मनाशी ठरवून आलो होतो. म्हणालो, "त्या दिवशी तुम्ही चांगल्यासाठी सांगितलंत आणि मी तुमचा चारचौघांत अपमान केला. माझ्या त्या एका वाक्यापायी ती गेली. दोन वर्षं म्हणून आलो नाही. तोंड दाखवायला जागा नव्हती."

बाईने पेन वहीत ठेवलं. मला वाटलं, आता बोलेल जे बोलायचं ते. बोलावं असंच मला वाटत होतं.

"कुठल्या वाक्यापायी?" ती म्हणाली. "काकूंनी तर लस घेतली होती."

मी म्हणालो, नाही. ती म्हणाली, हो. कोर्टातली सवय, मी पुरावा मागितला. तिने वही मागे उलटवली आणि बोट ठेवलं. बायकोचं नाव, वय, डावा हात. त्या पानाला लशीचं कार्डही टाचणीने लावलेलं होतं.

"कार्ड इथेच ठेवून गेल्या. घरी नको, ह्यांच्या हातात पडेल, म्हणाल्या. मी विचारलं होतं, काकांना बोलावून घेऊ का. तर म्हणाल्या, नको, त्यांका पटाचा नाय, उगाच वाद." बाईने तिचं बोलणं जसंच्या तसं उचललं होतं. "भजनाला जाते सांगून आल्या होत्या. तुम्ही बसलात ना, तिथेच बसून सारखं घड्याळ बघत होत्या. भजन सुटायच्या वेळेला घरी पोचायचं होतं त्यांना."

मी विचारलं, "मग गेली कशी?"

"लशीने धोका कमी होतो काका, संपत नाही. न्यूमोनियाचे प्रकार असतात, सगळे काही लशीत येत नाहीत. आणि त्यांची छाती आधीच थकलेली. जे करण्यासारखं होतं ते त्यांनी केलं होतं. मला वाटलं, नंतर तुम्हाला हॉस्पिटलच्या कागदपत्रांत कळलं असेल. म्हणूनच रागावून येत नसाल, असं मी समजत होते."

मला हलकं वाटायला हवं होतं. दोन वर्षं ज्या आरोपाखाली जगलो तो एका बोटाने खोडला गेला होता. पण माझी नजर त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यावर होती. सोबत: एकटी. तिचा नवरा पाच मिनिटांवर घरी बसून पेपर वाचत होता आणि तिने सांगितलं, एकटी. ती गेल्यावर, दोन वर्षांपूर्वी मी एकटा राहायला लागलो, असं समजत होतो. ती माझ्या घरात कधीपासून एकटी राहत होती, कोण जाणे.

मग मी तारीख वाचली. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी तो खिचडीचा रविवार.

"दंड दुखतो का हो नंतर?" मी विचारलं.

"उद्या दुखेल. ताप आला तर गोळी घ्या. एक-दोन दिवस हात वर नेताना त्रास होतो, जड काम नको," ती म्हणाली आणि कार्डाची टाचणी काढून ते माझ्या हातात दिलं.

रविवारी सकाळी उठलो तेव्हा डावा दंड ठणकत होता. मी खाली जाऊन बांगडे आणले, नारळ आणला. आडाळो माळ्यावरून उजव्या हाताने ओढून काढला, धुतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर बसलो. नारळ खवायला दोन्ही हात लागतात. एका हाताने वाटी धरून चालत नाही, दोन्हींनी सारखा दाब द्यावा लागतो. प्रत्येक फेरीला कळ खांद्यापर्यंत जात होती. अर्धी वाटीसुद्धा झाली नसेल, हात उचलेना. घरात कोणीतरी असतं तर म्हणालो असतो, जरा खवून दे.

मग बांगडे फ्रीजरमध्ये ठेवले आणि खिचडी लावली.